दुसरा मॉनिटर लावला की

न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डातलं गाड्यांच्या ट्रॅकिंगचं ऑफिस कंपनीने बंद केलं, तेव्हा दयाराम म्हात्रेंना कामावरून काढलं नाही. ऑफिसातला कॉम्प्युटर त्यांना दिला आणि घरी पाठवलं.

"घरबसल्या करा म्हात्रे. येण्याजाण्याचा त्रास वाचेल," गुरुदत्त साहेब म्हणाले.

खोटं काही नव्हतं. सगळ्या ट्रेलरना तोवर जीपीएस बसले होते. कुठली गाडी कुठे अडकली ते पडद्यावर बघायचं आणि ड्रायव्हरला फोन करायचा, एवढंच काम. ते कुठूनही करता आलं असतं.

टेम्पोतून सामान करंजाड्याला आलं. कॅबिनेट, दोन मॉनिटर, वायरींचा गुंता. दयारामांनी ते हॉलमध्ये मांडलं. हॉल तसा रिकामाच होता. बायकोच्या, ललिताच्या आजारपणात दवाखाना जवळ हवा म्हणून त्यांनी गावाकडून इथे फ्लॅट घेतला होता, आणि नीट संसार लागायच्या आतच ती गेली. मूलबाळ नव्हतं. बिल्डिंग नवी, निम्म्या दारांना अजून कुलपं. जी माणसं राहत होती ती सकाळी स्टेशनकडे धावायची आणि अंधार पडल्यावर परत यायची. जिन्यात कोणी भेटलंच तर मान हलवून पुढे जायचं.

एका मॉनिटरवर गाड्यांचा नकाशा. दुसऱ्यावर यार्डातले कॅमेरे. ऑफिसात असताना दयारामांनी त्या कॅमेऱ्यांकडे कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. खिडकीतून मान काढली की गेट दिसायचंच. आता दिवसभर कोणाचा आवाज नसलेल्या घरात त्यांनी सगळ्यात आधी गेटचा कॅमेरा उघडला.

काळूराम दिसला. काळूराम कोळी, उरणचा. गेटवर पास तपासायचा. दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे, कित्येक वर्षं. पडद्यावर तो हात हलवत एका ट्रेलरला आत घेत होता, आणि आवाज येत नसला तरी तो ड्रायव्हरला काय म्हणत असणार ते दयारामांना पाठ होतं. ते एकटेच हसले. तेवढ्यात काळूरामचा हात हवेत थिजला, पडदा निळा झाला, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली आणि कॉम्प्युटर बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू झाला.

दिवसभर तेच चाललं. दुसरा मॉनिटर काढला की मशीन सुरळीत. लावला की थोडा वेळ चालायचं, मग निळा पडदा. ऑफिसात तर हेच मशीन याच दोन मॉनिटरवर वर्षानुवर्षं चाललं होतं.

त्यांनी साहेबांना फोन केला.

"एकावर चालतंय ना? मग एकावर चालवा," साहेब म्हणाले. "कॅमेरे काही तुमचं काम नाही."

"हो साहेब."

फोन ठेवल्यावर त्यांनी पनवेलमधल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानाचा नंबर शोधला.

दुकानातून कोमल ठाकूर आली. पाठीवर सॅक, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. तिने मॉनिटरचं सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं. कॅबिनेट उघडून धूळ उडवली, रॅम काढून पुसून बसवली, ग्राफिक्स कार्डाचा पंखा बोटाने फिरवून पाहिला. मॉनिटरची केबल बदलली. दयारामांनी तोवर चहा टाकला, बशीत खारी काढून ठेवली.

"हे कोण?" चहा पिताना तिने पडद्याकडे बोट केलं.

"काळूराम. आमचाच माणूस. आता बघ, चष्मा कपाळावर नेईल आणि मग चष्माच शोधत बसेल."

काळूरामने चष्मा कपाळावर नेला. कोमल हसली. ती जाईपर्यंत मशीन चाललं, आणि ती जिना उतरून गेल्यावर बंद पडलं.

ती पुन्हा आली. मग मशीन आणि दोन्ही मॉनिटर दुकानात घेऊन गेली. साहेबांनी तेवढ्या दिवसांपुरतं गाड्यांचं काम दुसऱ्याकडे दिलं. दयारामांना घरात करण्यासारखं काही उरलं नाही. ते वाण्याकडे जाऊन यायचे, पुन्हा काहीतरी विसरलं म्हणून जायचे. एका दुपारी, चौकशी तरी करावी, म्हणून पनवेलला गेले.

दुकानात मागच्या टेबलावर त्यांचं मशीन चालू होतं, दोन्ही मॉनिटर लावून. कोमल आतल्या खोलीत होती. काउंटरवरचा मालक पाठमोरा, फोनवर कोणाशी बोलत होता.

"ते करंजाड्याचं मशीन ना? अरे, ओके आहे. परवापासून चालू ठेवलंय, एकदा पण पडलं नाही. मशीनला काही झालेलं नाही. त्या माणसाला बोलायला कोणीतरी पाहिजे, म्हणून सारखं बोलावतो."

दयाराम तिथेच उभे राहिले. मालक वळला, ओशाळला आणि घाईघाईने म्हणाला, "या ना काका, झालंय तुमचं काम."

"घेऊन जातो," दयाराम म्हणाले.

रिक्षात मागच्या सीटवर मॉनिटर मांडीवर धरून ते घरी आले. संध्याकाळी सगळं जोडलं. नकाशा आला, गेट आलं, आणि थोड्या वेळात निळा पडदा. त्यांनी दुसऱ्या मॉनिटरची वायर काढून गुंडाळून ठेवली. दुकानाला फोन केला नाही. बोलावलं तर मालकाचं बोलणं खरं ठरलं असतं. आणि मनाशी खरं सांगायचं तर ते पूर्ण खोटंही नव्हतं. कोमल येणार म्हणून खारीचा पुडा त्यांनी आधीच आणून ठेवायला सुरुवात केली होती.

पुढच्या आठवड्यात तिचाच फोन आला.

"काका, मशीन परत पडलं का?"

"नाही. म्हणजे, एकच लावलाय मी."

"म्हणजे पडलंच." ती म्हणाली. "तुमचा दुसरा मॉनिटर कुठल्या प्लगमध्ये असतो?"

"पलीकडच्या भिंतीवरच्या. इकडे जागाच नाही."

"दुकानात आमचं सगळं एकाच बोर्डवर असतं. तुमच्या ऑफिसात पण तसंच असेल. काही हात लावू नका, मी येते."

या वेळी तिने आल्या आल्या चपला काढल्या, दुसरा मॉनिटर पलीकडच्या बोर्डला लावला आणि बोटांची मागची बाजू हलकेच त्याच्या लोखंडी कडेला टेकवली. लगेच हात काढून घेतला.

"तुम्हाला कधी झिणझिण्या आल्या नाहीत इथे?"

"आल्या होत्या. मला वाटलं हात अवघडला असेल."

तिने मीटर काढून त्या प्लगमध्ये टाकला, आकडा बघून मान हलवली आणि बिल्डिंगच्या वायरमनला बोलवायला सांगितलं. त्याने बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी वायर आत नुसतीच लोंबत होती. जोडायची राहूनच गेली होती. त्यामुळे मॉनिटरमधला गळका करंट जमिनीत न जाता केबलवाटे कॉम्प्युटरात शिरत होता.

"मशीनला खरंच काही झालेलं नव्हतं," कोमल सॅक भरता भरता म्हणाली. "पण म्हणून तुमचं म्हणणं खोटं नव्हतं." दुकानातलं बोलणं तिलाही कळलेलं असावं. तिने त्यापुढे विषय वाढवला नाही. चहा घेतला आणि गेली.

त्या दिवसापासून दोन्ही मॉनिटर चालू राहिले. सकाळी पडद्यावर काळूराम यायचा, खुर्ची पुसायचा. कळंबोलीची गाडी अडकली की दयाराम ड्रायव्हरला फोन करायचे, आणि मधल्या वेळात नजर गेटकडे.

एका दुपारी गेटवर गाडी नव्हती. काळूराम खुर्चीत आरामात बसला होता. दयारामांनी रोजच्यासारखा त्याला फोन लावला.

काळूरामने खिशातून मोबाईल काढला. डोळ्यांपासून लांब धरून नाव वाचलं. मग फोन पुन्हा खिशात ठेवला आणि पाय लांब केले.

रिंग वाजत राहिली. शेवटी दयारामांनीच फोन बंद केला. त्या दिवशी त्यांनी कोणत्या गाड्यांवर लक्ष ठेवलं ते नंतर त्यांना आठवेना.

दोन-तीन दिवसांनी ते यार्डात गेले. साहेबांची सही हवी आहे, असं कारण काढलं. काळूराम खुर्चीतून उठून धावतच आला. दोन्ही हातांनी त्यांचे दंड धरले.

"कवा आलास? सांगायचं तरी ना."

चहा झाला. काळूरामच्या डोळ्यांत खोट नव्हती. त्याला आनंद झाला होता, हे उघड दिसत होतं. त्यामुळेच दयारामांना विचारायचा धीर आला.

"फोन का घेतला नाहीस परवा?"

"कवा? गाडी लागली आसंल बग."

"गाडी नव्हती. तू बसला होतास. फोन बघितलास आणि खिशात टाकलास."

काळूरामने चष्मा कपाळावर नेला. मग हळूच म्हणाला, "तू सोडत नाय रे फोन. कोण आला, कोण गेला, पोरं काय बोलतात, सगला इचारतोस. मी तरी रोज काय नवीन सांगू?" बोलता बोलता तो अडखळला. "पन तुला कसा कलला, मी बसलो व्हतो?"

दयारामांनी गेटच्या खांबाकडे, वरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. काळूरामनेही पाहिलं.

"तू आमाला बगतोस? घरून?"

"कामासाठी दिलाय," दयाराम म्हणाले. ते खरं नव्हतं, आणि दोघांनाही ते कळलं.

काळूराम बराच वेळ कॅमेऱ्याकडे बघत राहिला. नकळत त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं. "घरी ये ना आयतवारी," तो म्हणाला. "मावरा हाय, जेवू. पन आसा नको बगू, दया."

परत आल्यावर दयारामांनी कॅमेऱ्यांची खिडकी बंद केली. दुसऱ्या मॉनिटरवर पोहोचलेल्या गाड्यांची यादी लावली. त्या कामाला तो मॉनिटर लागत नव्हता, पण लावलेला राहिला.

कोमलचा एकदा फोन आला. "दोन्ही चालतात ना काका?"

"चालतात."

"पडलं तर सांगा."

"नाही पडत आता," ते म्हणाले. आणखी काहीतरी बोलावंसं वाटत होतं. पण ती कामात असेल, मागे दुकानात गिऱ्हाईक असेल, असं मनात आलं आणि त्यांनी फोन ठेवला.

रविवारी ते उरणला गेले. काळूरामचं घर माणसांनी भरलेलं होतं, सुना, नातवंडं, शेजारचे येऊन-जाऊन. जेवण उत्तम झालं. काळूरामने आग्रह करून दोनदा माशांचं कालवण वाढलं. कॅमेऱ्याचा विषय दोघांनीही काढला नाही, आणि तो काढायचा नसल्यामुळे यार्डाचा विषयही फारसा निघाला नाही. मग बोलण्यासारखं थोडंच उरलं. दोघं ओट्यावर बसून समोरून जाणारे कंटेनर बघत राहिले.

काळूराम पनवेलच्या एसटीपर्यंत सोडायला आला. गाडी सुटेपर्यंत खाली उभा राहिला. पुन्हा कधी येशील, असं त्याने विचारलं नाही. दयारामांनी खिडकीतून हात केला, त्यानेही केला, आणि गाडी वळली.