मचाणावरचा लाकडी झोळीवाला

मित्रांनो, मी एक जुना झोळीवाला, म्हणजे चोचीखाली झोळी असलेला पेलिकन पक्षी आहे. पण उडणारा नव्हे, लाकडी. बल्गेरियात, डॅन्यूब नदीकाठच्या दलदलीत, एका मचाणावर मी बसलेला असतो.

मला इथल्या राखणदाराने, स्पासने, ओंडक्यातून कोरले. झोळीवाले फार संशयी पक्षी. आपल्यातले कुणी आधी बसलेले दिसल्याशिवाय ते घरटे करत नाहीत. म्हणून सरकारी पैशातून पाण्यात मचाण उभे राहिले आणि त्यावर मी. चोच रंगवताना स्पास म्हणाला, "ऐट करू नकोस, राजा. तू नुसतं बसायचंस. राबायला मी आहे."

आणि तो राबला. हिवाळ्यात भोवतालचे बोरूचे उंच गवत कापायचे, नदीकडून येणाऱ्या चराचा गाळ उपसायचा. चहूकडे पाणी असल्याने कोल्हे काठावरूनच परतत. काही वर्षांनी पहिली जोडी माझ्याशेजारी उतरली. पुढे मचाण पिलांनी भरून गेले. शाळेची मुले दुर्बिणीतून माझेच कौतुक करत, किती शांत पक्षी आहे म्हणत, आणि स्पास हसू दाबत असे.

मग सरकारचा निधी थांबला. एका हिवाळ्यात स्पास वारला आणि त्याच्या जागी कुणी नेमले गेले नाही. त्याची मुलगी नेवेना होडी घेऊन मला काढायला आली. चर बुजलाय, यंदा पाणी टिकणार नाही, असे तिने सोबत आलेल्या, सरकारी कार्यालयाच्या किर्चेव्हसाहेबांना सांगितले.

"राहू दे गं, पोरी," ते म्हणाले. "पक्षी आले तर पैसे मागायला तोंड राहील. रिकाम्या मचाणाला कोण देतंय?"

माझ्या मानेवर तिच्या वडिलांच्या पटाशीच्या खुणा आहेत. तिथे तिचा हात बराच वेळ होता. मग तिने तो काढून घेतला.

पक्षी आले. मला पाहूनच आले. उन्हाळ्यात पाणी उतरले, चिखल वाळला आणि कोल्हे चालत आले. मोठे पक्षी उडून गेले. पिलांना पंख फुटले नव्हते. काही माझ्या आडोशाला शिरली.

पिलांचे उरलेसुरले अवशेष नेवेनाने गोणीत भरले. किर्चेव्हसाहेब टोपी काढून काठावर उभे होते.

"साहेब," ती म्हणाली, "आता मागा पैसे."

त्यांनी मागितले. पानगळीत मंजुरी आली, चर उपसला गेला. आता पाणी भरपूर आहे. पक्षी मात्र वरून एक घिरटी घालतात आणि पुढे जातात.

मित्रांनो, एवढीच विनंती. जिथे दरवर्षी पाणी राखायची तयारी नसेल, तिथे माझ्यासारख्याला बसवू नका. आम्हाला पाहून कुणीतरी पिले घेऊन राहायला येते.