खुंटीवरची चावी

मी एक जुनी चावी आहे, मित्रांनो, पण कुलपाची नव्हे. तुमच्या कमरेएवढी उंच, लोखंडी, वर आडवा दांडा असलेली. जमिनीखालचा पाण्याचा व्हॉल्व्ह माझ्याशिवाय उघडत नाही. अकोल्याच्या लोहाराने मला घडवलं आणि बडनेरा-अकोला लाइनीवरच्या एका लहान गावाच्या नगरपालिकेने मला देवमनच्या हाती दिलं.

देवमनच्या बापाला गावच्या विहिरीला हात लावायची मनाई होती. आता त्याच गावाला देवमन पाणी सोडायचा! काम संपलं की तो मला पोलीस चौकीतल्या खुंटीला टांगायचा. कुठे आग लागली तर कोणालाही चावी मिळावी, असा त्याचा रिवाज. माझी एक धाकटी बहीण अडीअडचणीसाठी त्याच्या घरी असे.

पुढे पाणीपुरवठा मुंबईच्या एका कंपनीकडे गेला. तिचे मुनीम वामनराव आले, त्यांनी मला खुंटीवरून काढून लोखंडी कपाटात कोंडलं. देवमनची नोकरी गेली. जाताना त्या भल्या माणसाने घरी असलेली माझी बहीणही आपणहून आणून दिली. गावाची वस्तू घरी काहून ठेवू, म्हणाला. अरे देवमन, तुझा सरळपणाच नडला रे!

पासष्ट साली पावसाने दडी मारली. स्टेशनची विहीर आटली, इंजिनांना आमच्याच नळाचा आधार उरला. त्यात सीमेवर लढाई पेटली. एका दुपारी दारूगोळ्याची गाडी स्टेशनात थांबली, आणि टाकी कोरडी! जिनिंग कारखान्याला जास्त पाणी कबूल केलेलं, म्हणून वामनरावांनी स्टेशनचा व्हॉल्व्ह सकाळीच बंद करवला होता.

रेल्वेचा पाणीवाला इनायतुल्ला देवमनला घेऊन धापा टाकत कचेरीत आला. इंजिनात तासाभराचंच पाणी उरलं होतं. ते सरलं की भट्टी विझवावी लागणार, मग ही गाडी अडणार आणि मागून येणाऱ्या दोन गाड्याही. वामनरावांना घाम फुटला. माणूस वाईट नव्हता हो, पण मालकाच्या हुकमाशिवाय कपाट उघडलं तर पोटावर पाय. त्यांनी मुंबईला ट्रंककॉल लावला, तर सगळ्या लायनी लष्करासाठी अडवलेल्या. मी कपाटात सगळं ऐकत होते. माझा नुसता जळफळाट होत होता.

"मुनीमजी, हुकूम येईन तवा येईन," देवमन म्हणाला. "गाडी थांबून राहिली. बाजूले सरका."

अंगणातला धोंडा आणून त्याने कुलूप फोडलं आणि मला खांद्यावर टाकून धावला. व्हॉल्व्ह गच्च बसला होता. त्याने आणि मागोमाग आलेल्या इनायतुल्लाने मिळून जोर लावला. माझा दांडा वाकला, पण पाणी सुटलं. वेळ सरायच्या आत गाडीची शिट्टी ऐकली, तेव्हाच देवमनने मला पुन्हा खांद्यावर घेतलं.

मग त्याने काय करावं? मला नेऊन चौकीतल्या जुन्या खुंटीला टांगलं आणि खाली बसून राहिला. पळून का गेला नाहीस, असं हवालदाराने विचारलं.

"चोर चावी आणून खुंटीले टांगते काय, सायेब?"

कंपनीने फिर्याद दिलीच. तीन वर्षं देवमन तारखांना हेलपाटे घालत राहिला आणि निकालाआधीच गेला. मी अजून याच चौकीत, कोपऱ्यात गंजत आहे.

मित्रांनो, ज्या चावीवर गावाचं पाणी आणि देशाची गाडी चालते, ती कोणा एकाच्या कपाटात कोंडू देऊ नका. आणि कधी इकडे आलात, तर माझ्या गळ्यातली चिठ्ठी तेवढी काढा. तिच्यावर लिहिलं आहे, 'चोरीचा माल'.