नराचा आजा

गाय घ्यायची असो की सोयरीक जमवायची, बापाची चौकशी केल्याशिवाय सहादेव पुढं बोलत नसे. तिसगावच्या बाजारात तो वळू कुठला ते आधी विचारी, गाईचे दात मागाहून बघी. त्याच्या मुलीनं, दिपालीनं, कांद्याच्या बियाण्यासाठी वावरात मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या, तेव्हाही त्यानं तेच केलं. पोळ्यावरच्या जाडजूड नराकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्याचा बाप कुठला?"

"नराला बाप नसतो, आबा. राणीच्या ज्या अंड्याला नराचं बीज लागत न्हाई, त्यातून नर निघतो. बीज लागलं की मादी."

"कायतरीच! मंग आजा?"

"आजा हाय की. राणीला बाप हुताच ना."

बाप नाही आणि आजा आहे, ही कुळी काही सहादेवाच्या पचनी पडेना. दिवसभर तो पुटपुटत राहिला.

दिपाली नवऱ्याला सोडून माहेरी आली, तेव्हा तिची लेक संस्कृती रांगत होती. आता ती लग्नाची झाली होती. बघायला येणाऱ्यांना सहादेव दरवेळी ठोकून द्यायचा, जावई वापीला कंपनीत आहे, सुट्टी मिळाली नाही.

त्या रविवारी पाथर्डीचे पाहुणे आले. पोहे झाले, चहा आला आणि मुलाच्या चुलत्यानं विचारलंच, "मुलीचे वडील दिसत न्हाईत?"

दिपालीनं मान खाली घातली. सहादेवानं कप बशीत ठेवला.

"न्हाईत," तो म्हणाला. "आजा हाय. इचारा काय इचारायचं ते."