काळी चारची जोड

मार्गशीर्षातली सोनसळी सकाळ. कृष्णेच्या काठाकाठानं ऊस शुभ्र तुऱ्यांनी डवरलेला, आणि त्या तुऱ्यांवरून कोवळं, केशरी, दंवभिजलं ऊन हळूहळू कुरुंदवाडात उतरत होतं. ते भार्गवरावांच्या दिवाणखान्यात आलं, गालिच्यावर पसरलं, आणि दोन तंबोऱ्यांच्या भोपळ्यांवर विसावलं.

तंबोऱ्यांवर नव्या तारा लखलखत होत्या. सुवर्णकृश, तीक्ष्ण, तेजस्वी तारा. भार्गवरावांच्या पत्नीनं, कुमुदनं, त्या काल दुपारी चढवल्या होत्या, एकेक, ओठ मिटून.

भार्गवरावांचा गाण्याचा शौक पंचक्रोशीत नावाजलेला. पण त्यांच्या कानाला दार एकच, आणि त्यातून फक्त पुरुषाचा आवाज आत यायचा. मेघगंभीर, खर्जभरला, रुंद छातीचा आवाज! भिंतींवर तसबिरी गवयांच्या, कपाटात तबकड्या गवयांच्या, दरसालची बैठकही गवयांचीच. बाईनं अंगाई म्हणावी, आरती म्हणावी, गाणं म्हणू नये, असं ते पानाला चुना लावत सांगायचे आणि समोरचे माना डोलवायचे. फुकटचं पान खाऊन वाकडं कोण बोलणार?

लग्नानंतरची पहिली सकाळही अशीच केशरी होती. माहेरचा तंबोरा घेऊन कुमुद रियाजाला बसली. पेटीची काळी चार ही पट्टी तिचा स्वर. उंच, उजळ, उत्फुल्ल. भार्गवराव आले, हसले, आणि एकेक खुंटी पिळून त्यांनी तो तंबोरा आपल्या काळी एकपर्यंत खाली उतरवला.

"या घरात हाच षड्ज. गा आता."

ती गायली. खाली घेतला तर स्वर बुडत होता, वर नेला तर फाटत होता. भार्गवराव लग्नाच्या पाहुण्यांकडे वळले.

"बघा! बाईचा आवाज तिथवर पोचतच नाही."

भरलं घर खदखदून हसलं. कुमुदनं तंबोरा भिंतीशी टेकवला आणि ते वाक्य काळजाशी ठेवलं.

पुढं तंबोरे लावायचं काम मात्र तिच्याच गळ्यात पडलं. ते गायचे, ती मागं बसून तारा छेडायची. भार्गवरावांनी खुंटीला पुन्हा हात म्हणून लावला नाही. वर्षं गेली, केस पिकले, राग पिकला नाही. तो हिरवाच राहिला.

आणि तिचा गळा? तो तिनं मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत जपला. उसाला पाणी सोडायच्या निमित्तानं ती जायची, बटण दाबायची, आणि त्या अखंड, लोहगंभीर गुंजारवाआड आपला षड्ज लावायची. ऊस ऐकायचा. लोकांना वाटायचं, मोटार चालू आहे.

यंदाच्या बैठकीला पाहुणा गवई नव्हता. साठीनिमित्त स्वतः भार्गवराव गाणार होते. कोल्हापूर-सांगलीचे जाणकार येऊन बसले होते. तबलजी गुंडोपंतांना कुमुदनं परस्पर निरोप धाडला होता, तबला काळी चारचा आणा. कुणी बाई गाणार असेल, म्हणून त्यांनी तो निमूट आणला.

एक तंबोरा भार्गवरावांच्या मांडीवर, एक मागं कुमुदच्या. जोड काळी चारमध्ये झंकारली, आणि भार्गवरावांचा आ तसाच राहिला.

"हे काय लावून ठेवलंयस? उतरव!"

कुमुदनं आज्ञाधारकपणे खुंट्या पिळल्या. बारीक तारा ढिल्या पडल्या, थरथरल्या, भुणभुणल्या, मेल्या. बायकांच्या गळ्यासाठीच्या तारा त्या. खालच्या सुरात बोलतच नाहीत.

"जाड तारा मिरजेहून आणाव्या लागतील," ती शांतपणे म्हणाली, आणि खुंट्या पुन्हा चढवल्या.

तंबोऱ्यावाचूनच्या गाण्याला भार्गवरावांनी आजवर नाक मुरडलेलं. सभा खोळंबलेली. ते त्याच चढ्या पट्टीत गायले. खाली घेतला तर स्वर बुडाला, वर नेला तर फाटला. कुणीतरी खाकरलं. कुणी गालिच्याची नक्षी बघू लागलं.

जिथं तो स्वर फाटला, तिथूनच मागचा स्वर उठला. उंच, उजळ, उन्मत्त. गुंडोपंतांचा हात आपसूक ठेक्यावर पडला. गोड नव्हतं ते गाणं. विळ्यासारखं होतं, धार लावून ठेवलेल्या. कुमुद सभेकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या मानेकडे बघत होती, आणि ती मान लाल लाल होत चालली होती. कुमुदला फार बरं वाटत होतं.

समेवर येऊन ती थांबली.

"बघा," ती म्हणाली, "पुरुषाचा आवाज तिथवर पोचतच नाही."

कुणी हसलं नाही. ते हसू तिला हवं होतं, अगदी तेच खदखदणारं. ते मिळालं नाही. पुढच्या रांगेतल्या वृद्ध जाणकारांनी नुसते हात जोडले. "बाई, थांबू नका."

कुमुद पुढं सरकली. "तुम्ही मागं बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि छेडत राहा. मध्ये थांबायचं नाही."

एवढ्या डोळ्यांदेखत उठून जायची सोय नव्हती. भार्गवराव मागं सरकले. तुऱ्यांवरचं ऊन आता तिच्या पांढऱ्या केसांवर आलं होतं, आणि तिच्या पाठीमागं, सावलीत, त्यांची बोटं तिच्या तारांवरून फिरत होती. पंचम, षड्ज, षड्ज, आणि मग खाली, खोल, खर्ज.