लिंबूपाण्याची थाप

नर्सने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, आकडा बघितला आणि पुन्हा हवा भरली. दुसऱ्यांदा भरली तेव्हाच माझं धाबं दणाणलं.

"प्रेशर बरंच वर आहे. नाडीही पळतेय," ती म्हणाली. "घाबरलात का?"

"ती कसली घाबरते? घाबरवते दुसऱ्यांना," शेजारच्या स्टुलावरून माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. पित्ताशयातले खडे काढायला मला दवाखान्यात आणलं होतं. नवरा कामावरून परस्पर येणार होता, म्हणून सोबतीला ताई. माझी पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. त्याच पिशवीत, चष्म्याच्या डबीत, गोळ्यांची पट्टी होती.

मी बायकांचे कपडे शिवते. हात चांगला आहे आणि जीभ वाईट, असं गिऱ्हाइकंच सांगतात. माप घेताना मी बोलल्याशिवाय राहत नाही. त्यातून स्वतःचं वजन उतरल्यापासून तर मला शिंगंच फुटली होती. कोणी विचारलं, काय केलंत हो, की माझं उत्तर ठरलेलं: सकाळी लिंबूपाणी, संध्याकाळी चालणं आणि तोंडाला कुलूप.

कुलूप लावलं होतं गोळ्यांनी. पहिल्या डॉक्टरांनी लिहून देतानाच बजावलं होतं की या थोडेच दिवस घ्यायच्या, प्रेशर तपासायला येत जायचं, छाती धडधडली तर लगेच कळवायचं. छाती धडधडायला लागली तेव्हा मी त्यांच्याकडे जायचंच बंद केलं. दुसऱ्या पेठेतल्या डॉक्टरांकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच गोळी घेतेय असा साळसूद चेहरा केला. तोंडाला कोरड पडायची, झोप उडाली होती, मशीनवर दोरा ओवताना बोटं थरथरायची. चिडचिड तर अशी वाढली होती की घरात माझ्यापुढे कोणी ब्र काढत नव्हतं.

सोडल्या का नाहीत? सोडून अंगात काय घातलं असतं? अंग उतरलं तसे मी माझे सगळे कपडे आत घेतले आणि शिवणीतलं जादा कापड कातरून फेकून दिलं. आमच्या धंद्यात कोणी असं करत नाही. ती माया ठेवायचीच असते, माणूस पुन्हा भरतं. पण मला तोरा चढला होता. नंतर दोन दिवस गोळी चुकवली की भूक खवळायची, अंग पुन्हा भरू लागायचं, आणि कपाट उघडलं की मी पुन्हा पट्टी काढायचे.

भूल देणारे डॉक्टर आले. तरुणच होते, आवाज मऊ. "काही गोळ्या चालू आहेत? प्रेशरच्या, झोपेच्या, वजनाच्या?"

"नाही," मी म्हणाले.

"वजन इतक्यात उतरलंय का? झपाट्यानं उतरलं तरी खडे होतात."

मी काही बोलायच्या आत ताई सरसावल्या. "उतरलंय, पण नुसत्या निग्रहानं हो, डॉक्टर. आमची धाकटी म्हणजे मनाची पक्की. नाहीतर मी बघा."

डॉक्टर हसले. थोड्या वेळानं प्रेशर परत बघू म्हणाले आणि तयारीला गेले. मी छताकडे बघत पडून राहिले. झालं तेवढं पुरे, एकदा भूल उतरली की पट्टी गटारात टाकू, असं मनाशी म्हणत होते. भूल उतरेल की नाही, हेही मनात आलं. तरी तोंड उघडवेना. मरणाची भीती वाटत होती, पण ताईंची जास्त वाटत होती, आणि याचीच मला शिसारी आली.

या बाईला मी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हटलं होतं, "ताई, तुमच्यासाठी आता टेप नाही, दोरखंड आणावा लागेल." सगळ्या हसल्या, ताईही हसल्या. मग पडद्यामागे जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

"अगं, एक विचारू?" त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "तुला चक्कर नाही का यायची? मी परवापासून लिंबूपाण्यावरच आहे, तू सांगतेस तशी. आज जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. तुला सांगणार नव्हते, तू रागावतेस. पण तू कसं सोसलंस गं?"

त्यांचे ओठ पांढरे पडले होते. इतका वेळ शेजारी बसल्या होत्या आणि मी बघितलंही नव्हतं.

"पिशवीतली चष्म्याची डबी उघडा," मी म्हणाले.

त्यांनी उघडली. पट्टी उलटसुलट करून बघितली.

"भूक मारायच्या गोळ्या आहेत. मी काही सोसलं नाही, ताई. लिंबूपाणी वगैरे सगळी थाप होती. आजही सकाळी घेतलीय. जा, त्या डॉक्टरांना बोलावून आणा." हे बोलताना मला त्यांच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही. लाजेनं कान तापले होते.

त्या पट्टी घेऊन उठल्या. भिंतीचा आधार घेत गेल्या.

डॉक्टर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पट्टी वाचली, शांतपणे सांगितलं की ही गोळी अंगात असताना भूल दिली तर प्रेशर कुठल्या कुठे जाऊ शकतं, हृदयावरही येऊ शकतं. ऑपरेशन पुढे ढकललं. नर्सला त्यांनी ताईंसाठी बिस्किटं आणि साखर घातलेला चहा आणायला सांगितलं. ताईंनी पहिलं बिस्कीट खाण्याआधी सवयीनं माझ्याकडे बघितलं, विचारल्यासारखं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मग मी दवाखान्याचा झगा उतरवून माझा ड्रेस चढवला. पाठीची चेन माझी मला लावता येईना. ताई उठून मागे आल्या. चेन अर्ध्यावर अडली. कापड ताणलं होतं आणि सोडायला आत काही नव्हतंच.

"म्हणजे," त्या पाठीमागून हळूच म्हणाल्या, "माझ्यात काही खोट नव्हती तर."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, ते मला जमतं.

"नव्हती, ताई," मी म्हणाले.

त्यांनी एका हातानं कापड जुळवून धरलं आणि चेन वर ओढली.