एक रुपराव, कडक

प्रतापनगरच्या चौकात सिंधूताईच्या ठेल्यावर ब्रेडपकोड्याला ब्रेडपकोडा म्हटलं, तर उपाशी परतावं लागे. तिथे त्याचं नाव रुपराव. काटोलचे संत्रेवाले बसमधून उतरून आधी रुपराव मागत, मग रस्ता विचारत. त्या भागात पोराचं नाव रुपराव ठेवायची छाती आता कोणाला होत नसे.

खरा रुपराव हे सारं कामठीत बसून ऐकत होता. गोपिकेसाठी त्याने सिंधूला टाकलं होतं. आता गोपिकेने त्याला टाकलं. तरी गडी खुशीत. लग्नाची बायको नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. सिंधूने तर लग्नातला उखाणासुद्धा लाजून गिळला होता. तीच आता दिवसभर त्याचं नाव घेते, म्हणजे केवढी तळमळ! घरात जागा नक्की, असं धरून तो पिशवी घेऊन ठेल्यापुढे उभा राहिला.

"मी आलो वं, सिंधू."

तिचा झारा थांबला नाही. "लाईनीत या."

शेजारी ऑटोवाला गोलू खात उभा होता. "नवीन दिसता काका. याले रुपराव काहून म्हणते, मालूम हाय? वरून टम्म फुगते, अन् आत निस्ता उकडलेला आलू!"

सारे हसले. रुपरावही हसला. आता ओळख सांगायची सोय उरली नाही.

तो वाकून पुटपुटला, "नवऱ्याचं नाव असं चौकात घेतेत काय वं?"

"म्हणून त घेऊन राहिली. घेत नव्हती, तोवर मले नवरा होता." तिने एक पकोडा झाऱ्याने कढईच्या काठाशी दाबला. "पहिल्यांदा घेतलं तवा जीभ अडली. मंग गिऱ्हाईक वाढलं. तुमाले काय देऊ?"

सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्याने बोट दाखवलं.

"बोटानं नाही भेटत," ती म्हणाली.

"नाव घ्या ना काका," गोलू ओरडला, "नव्या सुनेवानी लाजता काहून?"

रुपरावने पिशवी काखेत मारली.

"एक... रुपराव."

"जोरात!" गोलूने फर्मावलं.

"एक रुपराव!"

चौकाने टाळ्या पिटल्या. त्याने तो पकोडा उभ्याउभ्या खाल्ला, चटणीची बोटं चाटली. करता काय, झालाच होता फर्मास. हातातला कागद पुढे करून तो म्हणाला, "आणखी एक रुपराव द्या, बाई."

सिंधूताईने दिला आणि मागच्याला विचारलं, "तुले किती गा?"