उलटं धरलेलं जहाज

वल्हं नव्हतंच ते. लव्हाळ्याची काडी होती, आणि ती धरणारी मूठसुद्धा होती — एकदा दिसल्यावर इतकी उघड, की आजवर दिसली नाही याचीच लाज वाटावी. त्याने भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा भिंग उचललं. कोटाच्या बटणाएवढं काशाचं नाणं, हिरवं पडलेलं, कडेला झिजून गुळगुळीत झालेलं. एका बाजूला दाढीवाला रोमन सम्राट. दुसऱ्या बाजूला, गेली अकरा वर्षं, जहाज. आणि आता जहाजाच्या फुगीर तळाच्या जागी एक वाकवलेला गुडघा, एक खांदा, कोपराखाली कलंडलेला घडा... पाणी सांडणारा. नदीचा देव, आडवा पहुडलेला.

सकाळच्या टपालाने भिंगरावांचं पाकीट आलं होतं. भिंगराव म्हणजे नाणेसंग्राहक मंडळाचे कार्यवाह. लोकांच्या लग्नातही गळ्यात भिंग अडकवून जाणारे. मंडळाची नवी सूची छापायची होती. याच ठशाचं दुसरं, कमी झिजलेलं नाणं कुणाकडे तरी निघालं होतं, त्याचा फोटो सोबत, आणि खाली दोन ओळी: ‘तुमचं जहाज बुडालं. नाणं उलटं धरत होतात. बंदराचं नव्हे, आतल्या मुलखातल्या नदीकाठच्या गावाचं आहे. दुरुस्त करून कळवा.’

उलटं. मोजणी खात्यात बत्तीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाने! पण चूक झाली ती अगदी शहाण्यासारखी झाली होती. नाणं पाडताना वरचा ठसा आणि खालचा ठसा कसे जुळवायचे, याची त्या काळी गावोगावची वेगवेगळी खोड. त्याला मिळालेल्या पहिल्या दोन नाण्यांची मागची बाजू उलटी होती, म्हणून तिसरंही त्याने तसंच फिरवून धरलं, आणि मग नाण्यांच्या ट्रेतल्या चिठ्ठीवर बायकोकडून लिहून घेतलं — ‘बंदर. जहाज, वल्ह्यासह.’ त्याचं अक्षर कोंबडीचे पाय, म्हणून सगळ्या चिठ्ठ्या तिच्या हातच्या.

आणि तिने पाहिलं होतं. हे आठवलं तसा तो खुर्चीत जरा मागे सरकला. याच खोलीत मंडळाची बैठक भरली होती, दहा-बारा जण, नाणं हातोहात फिरत होतं, ती चहाचा ट्रे घेऊन आली आणि कुणाच्या तरी खांद्यावरून वाकून म्हणाली, “अहो, हे जहाज कुठंय? कुणीतरी दमून आडवं झालंय की.” नाणं तेव्हा त्याच्या हातात होतं आणि ती समोरच्या बाजूने बघत होती... म्हणजे बरोबर बाजूने. आणि तो म्हणाला होता, “तुला काय, जिकडेतिकडे दमलेलेच दिसणार!” काय हशा पिकला होता. त्यालाही स्वतःचा विनोद आवडला होता — हो, आवडला होता, रात्री झोपतानाही आठवून तो हसला होता.

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून ती गेली, दोन महिन्यांसाठी. नात आता दोन वर्षांची झाली. भांडण म्हणावं तर एक नाही. कुणी विचारलं की तो सांगायचा, ‘लेकीकडे गेलीय, नातीत रमलीय’, आणि ते खोटंही नव्हतं. रविवारी फोन व्हायचा. दूधवाला, दाढदुखी, पाण्याची मोटर. ‘परत ये’ हे दोन शब्द जिभेवर यायचे आणि तिथेच बसून राहायचे, कारण ते म्हणायला काही निमित्त लागतं, आणि रिकाम्या घराचं निमित्त सांगायला त्याची जीभ धजत नव्हती.

आज निमित्त होतं. तू बरोबर होतीस, असं तो तिला सांगू शकत होता, पुराव्यासकट. हे ऐकून माणूस परत येऊ शकतो. आज रविवार नव्हता, तरी त्याने फोन लावला.

“काय झालं? बरे आहात ना?” ती घाबरून म्हणाली.

“अगं, बरा आहे. ते जहाजाचं नाणं आठवतं?”

“कुठलं हो?”

त्याने सगळं सांगितलं, ठसा, घडा, भिंगरावांचं पत्र. जरा जास्तच भरभर. “तू म्हणाली होतीस ना, कुणीतरी दमून आडवं झालंय? नदीचा देव आहे तो! सूचीत तुझं नाव घालतोय. वाचन तुझं.”

पलीकडे नात काहीतरी आपटत होती. “तो दिवस होय,” ती म्हणाली. “चौथ्यांदा चहा टाकला होता मी. अंगात ताप होता.” मग अगदी साध्या आवाजात, “मी नाणं कुठलं वाचतेय? मलाच आडवं व्हावंसं वाटत होतं, म्हणून तसं दिसलं असेल. नाव बिव नका घालू हं. हिला भरवायचंय, ठेवते. मोटर बंद करा आठवणीने.”

‘परत ये’ म्हणायचं राहिलंच. नाही — राहिलं नाही, म्हणता आलं नाही. ताप होता. आपल्याला ठाऊक नव्हता. विचारलं असतं तर ठाऊक झाला असता. आज भिंगाखाली धरून आपण त्या गुडघ्याचा, त्या मुठीचा शोध लावत बसलो, आणि त्या दिवशी ती समोर ट्रे घेऊन उभी होती.

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवून गेलं. ती लेकीकडे गेली, असं तो इतके दिवस जगाला आणि स्वतःला सांगत आला होता. पण ती या घरातून गेली होती. लेकीकडे ती नुसती पोहोचली होती. हे कळल्यावर काहीतरी मोडून पडेल असं त्याला वाटलं, पण तसं काही झालं नाही. फक्त दोन वर्षं चाललेलं वाट बघणं थांबलं, आणि त्याला तिची आठवण यायला लागली, आज पहिल्यांदाच, तिच्या तापलेल्या कपाळासकट.